तपासनिसांची लाल गाडी

वजनमापे खात्यातले तपासनीस बाजारात शिरले, की या टोकापासून त्या टोकापर्यंतचे दुकानदार आपापल्या तराजूची पारडी पुसायला लागत. तपासनीस कुणाच्या दुकानात चहा घेत नसत आणि कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत. "तोंडी नको, काट्यावर दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या वाक्याने भल्याभल्यांना घाम फुटलेला त्यांनी पाहिला होता, आणि खोटं कशाला बोला, तो पाहायला त्यांना बरंही वाटायचं.

त्यामुळे घरात जुनी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांच्या बायकोने सगळं त्यांच्यावर सोपवलं. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. तिची स्कूटर हल्ली वेळी-अवेळी रुसायची आणि ड्यूटीला उशीर व्हायचा. "मला काही हौस-मौज नको," ती म्हणाली, "किल्ली फिरवली की चालू व्हावी, एवढं बघा. आपल्या खिशाला झेपेल अशी, साधी, भरवशाची."

"भरवशाची तर असणारच," तपासनीस म्हणाले. पुढचं ते मनात म्हणाले. इतकी वर्षं ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या रंगाचे शर्ट घालून ऑफिसातल्या लोखंडी कपाटाशेजारी बसत आले होते. गाडी भरवशाची हवीच, पण तिच्यात थोडी गंमतही असली तर काय बिघडलं? आयुष्यात एकदा तरी लोकांनी मान वळवून आपल्याकडे बघावं, आणि ते भीतीने नव्हे, असं त्यांना वाटत होतं. ही इच्छा पुढे पुरी झाली. किती पुरी झाली ते येईलच.

गाडी घ्यायची म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना कळणारच. ते बँकेतून निवृत्त झालेले रोखपाल. इमारतीत त्यांना 'सूचनापेटी' म्हणत, फक्त पेटीत सूचना टाकाव्या लागतात आणि यांच्यातून त्या बाहेर पडत. त्यांनी स्वतः कधी गाडी घेतली नव्हती, त्यामुळे गाड्यांबद्दलची त्यांची मतं स्वच्छ आणि ठाम होती.

"टायर बघायचे. टायर म्हणजे गाडीचे दात," ते म्हणाले. "आणि डॉक्टरची गाडी घ्यायची. डॉक्टर लोक गाडी जपतात."

आठवडाभर तपासनिसांनी बऱ्याच गाड्या पाहिल्या. एकीचं दार आतून उघडत नव्हतं, एकीच्या डिकीत मांजर व्यालेली होती आणि मालक म्हणत होता, पिल्लांचे डोळे उघडले की गाडी देतो. बायकोला त्यातली एक राखाडी, चौकोनी गाडी पसंत पडली होती. ती पाहताक्षणी तपासनिसांना आपलं लोखंडी कपाट आठवलं आणि त्यांनी तिच्या इंजिनाच्या आवाजात खोट काढली.

मग सूचनापेटींनीच एक दाताचे डॉक्टर शोधून आणले. त्यांची गाडी लाल होती, आणि तिच्या छताला खिडकी होती.

डॉक्टरांनी एक बटण दाबलं. छताची काच सरसर मागे गेली, आणि तपासनिसांच्या डोक्यावर, जिथे आजवर कायम कसलं ना कसलं छप्पर होतं, तिथे आभाळ आलं. एक पांढरा ढग अगदी त्यांच्यासाठी थांबल्यासारखा उभा होता. वाऱ्याने त्यांचे होते तेवढे केस उडाले. पाव किलोचं वजन दहादा तपासणाऱ्या त्या माणसाने ना बॉनेट उघडलं, ना गाडीखाली डोकावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "गाडी चांगली आहे. काही त्रास नाही," आणि यातलं दुसरं वाक्य ते दिवसभर कुणाकुणाला कुठल्या प्रसंगी म्हणत असतील, याचा विचार तपासनिसांच्या मनात आला नाही. सूचनापेटींनी टायरना लाथ मारून पाहिली आणि पसंतीची मान हलवली.

बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली. "लाल?" एवढंच म्हणाली.

"लांबून दिसते. सुरक्षित असते," तपासनीस म्हणाले.

पहिला अपमान वाहतूक कार्यालयात झाला. गाडी नावावर करायला तपासनीस गेले, तेव्हा खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, "आमच्याकडे ही गाडी राखाडी आहे."

"मधे कुणीतरी रंग दिला असेल."

"विचारून दिला का?"

"मला काय माहीत? मी घेतली तेव्हा लालच होती."

"मग ही ती गाडी नाही. राखाडी गाडी आणा, लगेच नावावर करून देतो."

"अहो, हीच ती. बाहेर उभी आहे, डोळ्यांनी बघा ना."

"साहेब, नियम म्हणजे नियम," कारकून म्हणाला. तपासनीस चमकले. हे वाक्य ते स्वतः आठवड्यातून कितीतरी वेळा वापरत. ऐकायला ते इतकं वाईट लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. "आधी गाडी राखाडी करून आणा. ती नावावर होईल. मग लाल करायची परवानगी मागा." शेवटी कारकुनाच्या साहेबांना दया आली आणि ते बाहेर येऊन गाडी पाहून गेले. पण तोवर तपासनिसांच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या होत्या, आणि रांगेतल्या एका भुसार व्यापाऱ्याने त्यांना ओळखून, फार प्रेमाने, बसायला जागा दिली होती.

गाडी नावावर झाली आणि मग, तेवढ्यासाठीच दबा धरून बसल्यासारखं, हॉर्नचं प्रकरण बाहेर आलं.

गाडी उजवीकडे वळायची ती मुकाट्याने. सरळ जायची तीही शहाण्यासारखी. पण डावीकडे स्टीअरिंग पुरतं वळवलं, की हॉर्न आपण होऊन वाजायला लागायचा आणि चाकं सरळ होईपर्यंत थांबायचा नाही. आवाजही साधासुधा नव्हता. आधीच्या कुणा मालकाने हौसेने मालट्रकचा हॉर्न बसवला होता.

सूचनापेटींच्या ओळखीच्या मेकॅनिकने दिवसभर खटपट केली. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा हॉर्न वाजतच होता, शिवाय छताची खिडकी उघडून बसली होती आणि मिटायला तयार नव्हती. ती मिटवायला आणखी एक दिवस गेला. "आता सगळं स्टीअरिंग खोलावं लागेल," मेकॅनिक म्हणाला आणि खर्चाचा असा काही आकडा बोलला, की तपासनिसांनी गाडी उचलून घरी आणली.

त्यापेक्षा डावीकडे वळायचंच नाही, हा त्यांना सोपा मार्ग वाटला. डावीकडे जायचं असलं की ते थोडं पुढे जाऊन उजवीकडे, मग परत उजवीकडे, आणि आणखी एकदा उजवीकडे वळत. बायकोला रुग्णालयात सोडायला पूर्वी स्कूटरला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला. ती शेजारी बसून खिडकीबाहेर बघायची. "हे भाजीवाले मघाशी पण दिसले होते," असं म्हणायची. तपासनीस पुढच्या उजव्या वळणाचा दिवा लावत.

अशात त्यांच्या ऑफिसातल्या वरिष्ठ साहेबांचे वडील वारले.

सगळं ऑफिस अंत्ययात्रेला निघालं. गाडी असलेले दोघेतिघेच, त्यामुळे तपासनिसांच्या गाडीत दोन सहकारी बसले आणि कसा कोण जाणे, त्यांचा नंबर थेट शववाहिनीच्या मागे लागला. रस्ता सरळ होता. तपासनीस गंभीर चेहऱ्याने चालवत होते. स्मशानभूमीचं फाटक दिसलं. ते डाव्या हाताला होतं.

पुढे जाऊन तीन वेळा उजवीकडे वळावं असं त्यांच्या मनात आलं, पण मागे सगळी यात्रा होती. ती त्यांच्यामागून बाजारात फिरून आली असती. शववाहिनी संथपणे वळली. फाटकाशी माणसं माना खाली घालून उभी होती. तपासनिसांनी श्वास रोखून स्टीअरिंग अगदी हळू, अगदी थोडं थोडं वळवलं. त्यामुळे वळण फक्त लांबलं. त्या शांततेत मालट्रकचा हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. पाहणाऱ्याला वाटावं, हा लाल गाडीवाला शववाहिनीकडे बाजू मागतोय. शववाहिनीच्या चालकालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने खरोखर बाजू दिली. फाटकाशी उभे असलेले साहेब स्वतः दोन पावलं मागे सरकले.

मागच्या सीटवरचे दोघे सहकारी खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागले. त्यातल्या एकाच्या पायात चपला होत्या.

साहेब चार दिवसांनी ऑफिसात आले. तपासनीस भेटायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काही घाई होती का?"

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तपासनिसांना वाटलं. पण सरकारी इमारतीच्या फरश्या पक्क्या होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी जाहीर केलं, "गाडी विकून टाकू."

"विका," बायको म्हणाली. "पण घेणाऱ्याला हॉर्नचं सांगाल ना?"

"म्हणजे काय? मी कोण आहे?"

"तेच म्हणते," बायको म्हणाली आणि ड्यूटीला गेली, चालत.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी तपासनिसांनी गाडीच्या डॅशबोर्डखालचा छोटा डबा उघडला आणि हॉर्नचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. यात लपवाछपवी नव्हती, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आधी गिऱ्हाइकाने गाडी शांतपणे बघावी, मग आपण सावकाश सगळं सांगू. आल्याआल्या त्याच्या अंगावर हॉर्न कशाला?

गिऱ्हाईक म्हणून आले बाजारातले किराणा दुकानदार. तपासनिसांनी त्यांना पूर्वी एकदा दंड केलेला होता. पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवलेला सापडला होता, भर गर्दीच्या वेळी. दुकानदारांबरोबर त्यांची मुलगी होती. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून गुडघ्यांचे, खांद्यांचे व्यायाम करून घ्यायची, आणि तेवढ्यासाठी तिला गाडी हवी होती.

छत उघडलं तशी ती मान वर करून हसली. "बाबा, आभाळ!" तपासनिसांना त्या क्षणी ती फार आवडली. त्यांनी सगळं सांगायला तोंड उघडलं, पण दुकानदार आधी बोलले.

"साहेब, मी गाडी तपासणार नाही. तुम्ही मला दंड केलात ना, तेव्हा राग आला होता. पण घरी जाऊन मी हिच्या आईला म्हटलं, हा माणूस स्वतःच्या भावालाही सोडायचा नाही. तुमच्याकडून घ्यायची तर तपासायचं काय? तुम्ही सांगा, गाडी कशी आहे?"

इतकं चांगलं तपासनिसांबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. या बोलण्यावर लगेच मालट्रकच्या हॉर्नची गोष्ट सांगणं त्यांना जमेना. "चांगली आहे," ते म्हणाले.

मुलीने एक फेरी मारली. डावीकडे वळली, गाडी चूप. परत येऊन तिने हॉर्न दाबून पाहिला. "काका, हा वाजत नाही?"

तपासनिसांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. "फ्यूज गेला असेल," ते म्हणाले. "किरकोळ गोष्ट आहे. कुठेही मिळतो."

"हो, मी घालून घेईन," ती म्हणाली. तिने त्यांना वाकून नमस्कार केला आणि गाडी घेऊन गेली.

रात्री बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"हॉर्नचा विषय निघाला होता," तपासनीस म्हणाले. हे शब्दशः खरं होतं, आणि म्हणूनच त्यांना जेवण गेलं नाही.

पुढचे काही दिवस त्यांनी फोनची वाट पाहण्यात काढले. आता ती फ्यूज घालेल, आता कुठेतरी डावीकडे वळेल. फोन आला नाही. बाजारात तपासणीला जायचं त्यांनी टाळलं. गेले तेव्हा एका दुकानदाराला "तोंडी नको" म्हणताना त्यांना ठसका लागला.

मग एका दुपारी जिन्यात सूचनापेटी भेटले.

"विकलीत ना गाडी? बरं झालं. एक सांगायचं राहूनच गेलं. शेवटच्या दिवशी तुम्ही ती गल्लीत पुढेमागे करत होतात, तेव्हा मी मागेच उभा होतो. ब्रेक दाबला तरी तुमचे मागचे लाल दिवे लागत नव्हते. काही गाड्यांत हॉर्नचा आणि त्या दिव्यांचा फ्यूज एकच असतो म्हणे. असो, आता काय त्याचं!"

आयुष्यभर या गृहस्थांनी नको त्या सूचना दिल्या होत्या, आणि कामाची एकच सूचना होती ती अशी सावकाश दिली. पण त्यांच्यावर चिडायलाही तपासनिसांना तोंड नव्हतं. खिशातल्या फ्यूजवर गेलेला हात बाहेर काढून ते तसेच, घरच्या चपलांवर, बाजाराकडे धावत सुटले. तपासनीस धावताहेत हे पाहून दोन दुकानदारांनी घाईघाईने काटे आत नेले.

किराणा दुकानात गर्दी होती. "या साहेब!" दुकानदार उठून उभे राहिले. गिऱ्हाइकांना म्हणाले, "हे आपले तपासनीस. यांचीच गाडी घेतली पोरीसाठी. डोळे मिटून घेतली."

"मुलगी कुठे आहे?"

"पेशंटकडे. का हो?"

"तिला फोन करा. गाडी थांबवायला सांगा."

दुकानदारांनी फोन लावला. वाजत राहिला. "गाडी चालवताना उचलत नाही ती," ते कौतुकाने म्हणाले. "झालं काय पण?"

आणि तिथे, साखरेच्या पोत्याशेजारी, भर गिऱ्हाइकांत, तपासनिसांनी सगळं सांगितलं. हॉर्नचं, डाव्या वळणाचं, स्मशानभूमीचं, खिशातल्या फ्यूजचं आणि मागच्या दिव्यांचं. आवाज त्यांच्या लक्षात न येता अधिकाधिक बारीक होत गेला, तशी मागची गिऱ्हाइकं ऐकू यावं म्हणून पुढे सरकली. एक बाई अर्धा किलो डाळ घ्यायला आल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

दुकानदारांनी पुन्हा फोन लावला. पुन्हा वाजत राहिला. मग ते गल्ल्यामागून बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. तपासनीसही त्यांच्यापासून जरा अंतर राखून उभे राहिले. प्रत्येक लाल गाडी दिसली की दोघेही टाचा उंचावत, आणि ती दुसरीच निघाली की एकमेकांकडे न बघता टाचा खाली टेकवत. तपासनिसांना वाटलं, ती नुसती येऊ दे. मग मला बाजारात कुणी काय हवं ते म्हणू दे.

शेवटी ती आली. गाडी पुढून चांगली होती. मागून डिकी आत चेपली होती आणि एक दिवा फुटून लोंबत होता. मुलगी मान एका बाजूला धरून उतरली.

"सिग्नलला थांबले तर मागून टेम्पो येऊन धडकला," ती म्हणाली. "मला काही नाही झालं, बाबा. मान थोडी आखडली आहे. मीच बहुतेक एकदम ब्रेक दाबला. टेम्पोवाला बिचारा म्हणत होता, तुम्ही थांबलात ते कळलंच नाही." मग तिचं लक्ष तपासनिसांकडे गेलं आणि तिचा चेहरा पडला. "काका, सॉरी हो. तुम्ही एवढी जपलेली गाडी, आणि मी आठ दिवसांत ठोकून आणली."

तपासनिसांना मारामारी, शिव्या, पोलीस, सगळं चाललं असतं. हे वाक्य चाललं नाही. ते मटकन दुकानाच्या पायरीवर बसले. खिशातून फ्यूज काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. नखाएवढा लहान तुकडा तो. "तुझी काही चूक नाही, बेटा," ते म्हणाले. पुढे त्यांना बोलवेना, म्हणून उरलेलं डाळ घ्यायला आलेल्या बाईंनी सांगितलं.

मुलगी आखडलेल्या मानेने त्यांच्याकडे तिरकं बघत राहिली.

"साहेब," दुकानदार म्हणाले, "माझ्या पारड्याखाली शिसं सापडलं, तेव्हा दंड करायला तुम्ही होतात. मी भरला आणि सुटलो." ते पुढे काही म्हणतील म्हणून तपासनीस थांबले होते. पण दुकानदार आत गेले आणि त्या बाईंची डाळ मोजू लागले.

तपासनिसांनी गाडी परत घेतली, पैसे परत दिले. घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान कुठल्या बाजूला, किती आखडली, हात बधिर होतो का, असं सगळं विचारून घेतलं आणि मलमाची ट्यूब व शेकायची पिशवी घेऊन निघाली. तपासनीस चपला घालू लागले.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज ड्यूटीवरून परतताना तिकडे जायची. तिकडे काय बोलणं होतं ते घरी सांगायची नाही. तपासनिसांनी दरम्यान दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊन स्टीअरिंग सगळं खोलून दुरुस्त करून घेतलं, चेपलेली डिकी सरळ केली, दिवे बदलले, मालट्रकचा हॉर्न काढून साधा बसवला. सुट्टीच्या दिवशी ते गाडी घेऊन बाहेर पडत आणि एकटेच, डावीकडे वळत वळत, फिरून येत. छत बंद ठेवत.

महिन्याभराने एका सकाळी बायको म्हणाली, "ती येणार आहे. गाडी बघायला. तिला छत आवडलं होतं म्हणे." आणि जरा थांबून, "तिचे वडीलही येताहेत."

दुकानदार आले ते सदऱ्याच्या बाह्या दुमडूनच. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. गाडीखाली सतरंजी टाकून डोकावले. प्रत्येक दार चारचारदा उघडून मिटलं. मुलगी डावीकडे वळून आली, उजवीकडे वळून आली, हॉर्न वाजवून आली. तपासनीस बाजूला हात जोडल्यासारखे उभे होते. मधे एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता काही त्रास नाही." दुकानदारांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा गाडीखाली डोकं घातलं. वरच्या गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. खालच्या गॅलरीत सूचनापेटी उभे होते, आणि आश्चर्य म्हणजे काही बोलत नव्हते.

शेवटी दुकानदार म्हणाले, "साहेब, तुम्ही आत बसा. ब्रेक दाबा. मी मागून बघतो."

तपासनीस आत बसले. त्यांनी ब्रेक दाबला. आरशात त्यांना मागे वाकलेले दुकानदार दिसले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल उजेड पडला होता.

"सोडा."

सदरा पांढरा झाला.

"दाबा."

लाल झाला.

"सोडा. दाबा."

दिवे लागत होते. आता शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, की दिवे लागत होते. मुलगी केव्हाच शेजारच्या सीटवर, उघड्या छताखाली येऊन बसली होती आणि वर बघत होती. पण मागून आवाज येतच राहिला, आणि अजून किती वेळ, असं तपासनिसांनी विचारलं नाही.

"पुन्हा," दुकानदार म्हणाले.

तपासनिसांनी पाय उचलला आणि पुन्हा दाबला.